खुलं पत्र: शाळेमागच्या नळाची तोटी काढली त्याबद्दल, आपल्या ग्रामसभेला

मा. सरपंच ताई, उपसरपंच, सगळे सदस्य, ग्रामसेवक भाऊसाहेब, सोसायटीचे चेअरमन, आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेला येणारे सगळे काका, दादा, वहिनी, आणि जे येणार नाहीत ते पण,

मी खालच्या आळीतली, कराडला कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण हे पत्र पुढं फिरणार आणि आपल्या गावाची बदनामी करायला मी लिहायला बसलेली नाही. कराड तालुक्यातलं कृष्णाकाठचं कुठलंही ऊसवालं गाव समजा.

मंगळवारी पहाटे पहिल्या एसटीला निघाले होते. अजून अंधारच होता. शाळेमागच्या सार्वजनिक नळापाशी ऊस तोडायला आलेल्या तोडकऱ्यांच्या तळावरची एक बाई उभी, पंचवीशीची असेल, डोक्याला फडकं बांधलेलं, कमरेवर घागर, आणि तिच्यामागं सात-आठ वर्षांची पोरगी, हातात पाच लिटरचा गोड्या तेलाचा रिकामा कॅन. दोघी नळाकडं नुसत्या बघत उभ्या. मी मोबाईलची बॅटरी लावली तर नळाला तोटीच नाही. पान्ह्यानं काढून नेलेली आणि पाइपाच्या तोंडात लाकडाची खुट्टी ठोकलेली, वरनं प्लास्टिकची पिशवी आणि सुतळी गच्च गुंडाळलेली. ती बाई मला बघून दोन पावलं मागं सरकली आणि म्हणाली, "ताई, काल रात्री होतं ओ पाणी. आता आमच्याच लेकरांनी मोडलं म्हणतेल."

पाणी नाही याच्या आधी तिच्या डोक्यात हे आलं, की नाव आपल्यावर येणार. मी तिला आमच्या घरी घेऊन गेले, आईनं बॅरलमधनं पाणी दिलं. एसटी चुकली, दुसरी मिळाली, पण ते वाक्य काही डोक्यातनं जाईना.

संध्याकाळी ग्रुपवर वाचलं तेव्हा कळलं की हे ठरवून झालंय. तळ गावाबाहेर ओढ्यापलीकडं हलवायचा, गावातनं पाणी द्यायचं नाही, आणि 26 तारखेला तसा ठराव घ्यायचा. खाली पन्नास-साठ जणांचे अंगठे. त्यात माझा चुलतभाऊ पण आहे, माझी बालवाडीतली मैत्रीण पण आहे. म्हणून हे घरातलंच भांडण आहे असं समजून लिहितेय.

त्या दिवशी मला वर्गात श्रमविभाजन शिकवायचं होतं. एमिल दुर्खाइम म्हणून फ्रान्सचा समाजशास्त्रज्ञ होता, त्यानं 1893 साली यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याला एक कोडं पडलं होतं, माणूस दिवसेंदिवस जास्त स्वतंत्र होत चाललाय आणि त्याच वेळी तो समाजावर जास्त अवलंबून पण होत चाललाय, हे दोन्ही एकदम कसं काय? दरवर्षी मी हे पुस्तकातनं शिकवते, पोरं लिहून घेतात, परीक्षेत येतं. यावेळी मी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर आपलं गाव काढलं.

मधे एक चहाचा कप काढला. ज्या कट्ट्यावर तळ हलवायचं ठरलं तिथं चहा आलाच असणार, त्या चहातली साखर कुठली? आपल्याच पट्ट्यातल्या कारखान्याची. कारखान्यात ऊस कुणी पाठवला? आपण. आपण म्हणजे कोण? लागण आपली, खत आपलं, मोटार आपली, पाण्याची पाळी आपण रात्री दोनला उठून धरली, हे सगळं खरंय. पण आपल्या गावात आता ऊस तोडायला येतं कोण, कोयता हातात धरून फडात वाकतं कोण, मोळी डोक्यावर घेऊन त्या हलत्या फळीवरनं ट्रॉलीत चढतं कोण? आणि चहातलं दूध? म्हैस आपली, पण डिसेंबर-जानेवारीत तिच्यापुढं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, असतं आणि ती वाढ्याची पेंडी त्याच बाया सांजच्याला फडातनं येताना बांधून आणतात, आपल्या आया-बहिणी दारात घासाघीस करून विकत घेतात. म्हणजे ज्या कपातला चहा पीत आपण तिचं पाणी तोडायचं ठरवलं त्या कपातली साखर पण तिच्या हातनं आलेली आणि दूध पण.

पाण्याची रेघ मारायला गेले तर ती अजून लांब गेली. आपली पाणीपुरवठा स्कीम नदीवर, उन्हाळ्यात नदीला पाणी कोयना धरणातनं सुटतं, आणि धरणाचा शिवसागर जलाशय झाला तेव्हा तिथली गावंच्या गावं उठली. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी त्या उठवलेल्या माणसांचं सर्वेक्षण केलं, डेक्कन कॉलेजानं ते 1969 ला छापलं. जी माणसं आपण कधी बघितलीच नाहीत त्यांच्या बुडालेल्या घरांवरनं आलेलं पाणी आपल्या उसाला लागतं आणि आपण म्हणतो पाणी आपल्या गावाचं. फळा भरला. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, मॅडम, ही रेघ कुठं थांबतच नाही की. म्हणलं नाही थांबत, आणि ती बघायची सवय लावणं एवढाच माझा विषय आहे.

आपल्याकडं "मी कुणाच्या एक पैशाला मिंधा नाही" असं म्हणायची फार हौस आहे. माझे वडील पण म्हणतात. ते कष्टाळू आहेत, खोटं बोलत नाहीत, पण वाक्य चुकीचं आहे. तोड लांबली की त्यांची झोप उडते हे मी लहानपणापासनं बघितलंय. उसाला तुरा आला, वजन चाललं, तोडीनंतर फुटणाऱ्या खोडव्याला उशीर, सोसायटीचा हप्ता, बहिणीचं लग्न तोडीवर अडलेलं. कारखान्याची तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या घरी चकरा, मजूर आणणाऱ्या मुकादमाला फोनवर फोन, शेवटी तोडकऱ्यांची टोळी आली की दारात सण. टोळीला खुशालीचे वरचे पैसे द्यायचे, ड्रायव्हरला एंट्रीचे द्यायचे, वर जेवण. नोव्हेंबर ते मार्च हे गाव त्या टोळीची वाट बघत बसलेलं असतं, आणि टोळी आली की तिनं राहायचं मात्र दिसणार नाही असं.

कुणी म्हणेल आता हार्वेस्टर येतायत, यांची गरजच संपणार. आपल्या दहा-वीस गुंठ्यांच्या तुकड्यात ते मशीन वळवून दाखवा मग बोलू.

आता एक गोष्ट जी बोलायला जड आहे. आपल्या बापजाद्यांच्या गावात एकमेकांवाचून चालत नव्हतं, बलुतेदारी होती, सगळे गुण्यागोविंदानं राहत होते असं भाषणात ऐकतो आपण. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली गावगाडा लिहिला त्यात हे सगळं तपशिलात आहे, कोण कुणाचं काय काम करतो, बदल्यात खळ्यावर काय मिळतं. अवलंबून तर सगळेच होते. पण अवलंबून असणं वेगळं आणि माणूस म्हणून मोजलं जाणं वेगळं. याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. बाबासाहेबांचं नाव 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं, आपण त्या दिवशी विद्यार्थी दिवस करतो. त्याच साताऱ्यातल्या बालपणाबद्दल त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की गावात न्हावी होते, धोबी होते, पण यांचं काम कुणी करायचं नाही, म्हणून केस मोठी बहीण कापायची. शाळेत तहान लागली तर शिपायानं नळ उघडला तरच पाणी. नळाला हात लावायचा नाही. पुढं 1936 मधे त्यांनी मांडलं की जात ही कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. मी हे वाचलंय, शिकवलंय, आणि तरी मंगळवारी पहाटे त्या खुट्टी ठोकलेल्या नळासमोर उभी राहिले तेव्हा मला सव्वाशे वर्षं झाली असं काही वाटलं नाही.

आणि मी गावाला एकटीला शहाणी म्हणून सांगत नाहीये. आमच्या घरात पण तोडकऱ्यांना चहा द्यायचे कप वेगळे होते. कान तुटलेले, गोठ्याच्या खिडकीत पालथे घातलेले. आजी त्यातनंच द्यायची, आणि मी तेच कप विसळून परत पालथे घालायचे, चौथी-पाचवीत होते. कधी का म्हणून विचारलं नाही. सवयीच्या गोष्टीला का विचारायचं सुचतच नाही.

आजोबांचं आता सांगते. आमचे आजोबा लालबागला गिरणीत होते, खालच्या आळीतल्या प्रत्येक घरातलं एक तरी माणूस त्या काळात मुंबईला होतं, कुणी गिरणीत, कुणी मस्जिद बंदरला पाठीवर पोती वाहायला. एका खोलीत वीस-वीस जण, पाळीपाळीनं झोपायचे, रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी त्याला. जेवण खानावळवाल्या मावशीकडं, पगार झाला की पैसे. आजोबा सांगायचे, चाळीच्या नळावर यांची बादली दिसली की तिथले जुने लोक ओरडायचे, आले घाटी, संपवलं पाणी. घाण करतात, गर्दी करतात, चोऱ्यामाऱ्या करतात, हे सगळं आपल्या आजोबांबद्दल बोललं गेलंय. शब्द तेच आहेत बघा, मी आपल्या ग्रुपवरचे मेसेज परत एकदा वाचले, एक पण शब्द नवीन नाही. तिथं आपण बिगारी होतो, इथं आपण बागायतदार आहोत, म्हणून आपल्याला ते ओळखू येत नाहीत एवढंच.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तो संप रीतसर कधी मागं घेतला गेलाच नाही. आजोबा ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचेच. गावानं काय म्हणलं? आळशी झाला, शहरात राहून बिघडला, कष्टाला नको म्हणतो. ते ओसरीवर गप्प बसून असायचे असं आई सांगते. सी. राइट मिल्स नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1959 मधे एक साधी गोष्ट सांगितली, लाखाच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्या माणसाकडं बघा, त्याचा स्वभाव, त्याचं कसब. पण पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर एकेका माणसाचा स्वभाव बघून काही कळणार नाही, ती सगळ्यांची गोष्ट झाली. एम.ए.ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात हे पहिल्यांदा शिकले त्या रात्री मी हॉस्टेलवरनं घरी फोन केला आणि आईला म्हणलं, आजोबा आळशी नव्हते. आई म्हणाली मला माहीत होतं, पण कुणी असं सांगितलं नव्हतं. आजोबा तोपर्यंत गेले होते.

तळावरच्या माणसांकडं पण असंच बघा एवढंच माझं मागणं आहे. एवढी माणसं दरवर्षी बीडकडनं घरदार बंद करून, म्हातारी माणसं मागं ठेवून, पोरं काखेला मारून इकडं येतात, ती हौसेनं येतात का? तिकडं पाणी नाही, रान कोरडवाहू, पावसाळ्यात मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते ती कोयता चालवून फेडायची. एक कोयता म्हणजे एक माणूस नाही, नवरा-बायको मिळून एक कोयता. भाषेतच बाईची मजुरी नवऱ्यात मिसळून टाकलीय. आजारी पडून खाडा झाला तर तो पण अंगावर. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत बिल मिळालं पाहिजे हा 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आपल्याला तोंडपाठ आहे आणि तो मोडला की आपण रस्त्यावर बसतो, बसलंच पाहिजे. पण त्या बाईचं नेमकं कुणाकडं काय येणं आहे हे तिला स्वतःला पण सांगता येत नाही.

कारण तिचा मालक कोण? मुकादम म्हणतो मी नुसता मधला. वाहतूकदार म्हणतो माझा करार कारखान्याशी. कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी, मजूर आमचे नाहीत. आपण म्हणतो टोळी कारखान्यानं पाठवलीय. एवढी माणसं एकमेकाला बांधलेली आणि तिच्या पाण्याची, संडासाची, पोरीच्या शाळेची जबाबदारी मात्र कुणाचीच नाही. साखळी जेवढी लांब तेवढं प्रत्येकाला हात वर करणं सोपं. मुंबईत पोती वाहणाऱ्या आपल्या माणसांचं अगदी असंच होतं, आज या टोळीत उद्या त्या गोदामात, मालक कोण याचा पत्ता नाही. पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील त्यासाठी उभे राहिले, 1969 ला माथाडी कायदा झाला, बोर्ड आलं, नोंदणी आली, फंड आला. आज आपल्या गावात वरच्या आळीत जे स्लॅबचे बंगले दिसतात त्यातले निम्मे त्या फंडाच्या पैशातनं उभे आहेत. म्हणजे हे बदलता येतं हे साताऱ्याच्या माणसाला दुसऱ्यानं सांगायला नको.

गावाच्या तक्रारी खोट्या नाहीत, ते पण लिहिते. पाणी एक दिवसाआड येतं. नदीच्या वाटेला घाण होते आणि आपल्या बाया त्याच वाटेनं रानात जातात. हे त्रास मलाही आहेत. पण ऐंशी-नव्वद माणसांना एक पण संडास नाही तर ती जाणार कुठं, हे कुणी विचारलंय का? त्या बाया अंधार पडेपर्यंत थांबतात, दिवसभर पाणी कमी पितात म्हणजे जावंच लागू नये. मला हे तळावर जाऊन बसल्यावर कळलं, दोन तास बसले बुधवारी. चोरीचं म्हणाल तर मागच्या वर्षी मोटारीची केबल गेली तेव्हा पहिल्या रात्री सगळे बॅटऱ्या घेऊन तळावर गेलेले, चुली पायानं उधळल्या, आणि नंतर पोलिसांना केबल कुठं सापडली हे सगळ्या गावाला माहीत आहे. त्या चुली परत मांडून द्यायला कुणी गेलं नाही. मी पण नाही गेले.

तर 26 तारखेच्या सभेत मी उभी राहून हे मांडणार आहे, आधीच सांगून ठेवते म्हणजे ऐनवेळी आले असं व्हायला नको. तळ आहे तिथंच राहू दे, ओढ्यापलीकडं हलवला तर पाण्याला अर्धा तास चालत यावं लागेल आणि रात्री तिथं बिबट्या फिरतो हे आपणच सांगत असतो. शाळेमागच्या नळाला सकाळी एक तास आणि सांजच्याला एक तास तळासाठी ठेवा, लागलं तर पाळी ठरवून द्या, पाळी पाळायला ती माणसं आपल्यापेक्षा पक्की आहेत. चार फिरते संडास कारखान्याकडनं मागून घ्या, संचालक आपल्या गावात मत मागायला येतात तर आपण हे मागायला जाऊ. आणि त्या पोरीला शाळेत घ्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या पोराला वर्षात कधी पण प्रवेश द्यायला लागतो, दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही, आपल्या गुरुजींना मी भेटले, ते तयार आहेत, म्हणाले गावानं कुरकुर केली नाही म्हणजे झालं. पोरगी तिकडं तिसरीत होती. इथं आल्यापासून धाकट्या भावाला सांभाळते. मी तिला तेलाच्या कॅनवरची अक्षरं वाचायला लावली, सगळी वाचली, "रिफाइंड" ला जरा अडखळली.

खर्च कोण करणार हा प्रश्न येणारच. गावाच्या यात्रेला एकरी किती वर्गणी काढतो ते सगळ्यांना माहीत आहे, त्यातले शंभर रुपये इकडं वळवा म्हणते मी. आमच्या घरचे मी आधीच देते. वडिलांशी बोलणं झालंय, ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, दे.

अजून एक. काल कराडातनं मी पितळी तोटी आणलीय, अर्ध्या इंची. जुनी कुणी नेली ते मला विचारायचं नाही, ती घरात असली तर राहू दे. रविवारी सकाळी सहाला मी नवी बसवायला जाणार आहे. खुट्टी फार खोल ठोकलीय, माझ्या एकटीच्यानं निघायची नाही, तेव्हा ज्याच्याकडं पाइप पान्हा आणि थोडी टेफलॉन टेप असेल त्यानं घेऊन यावं. आई सगळ्यांना चहा करणार आहे. कप सगळे एकसारखे घेतलेत, दोन डझन.

आपलीच,
खालच्या आळीतली लेक